यंत्राची रेघ आणि हाताची रेघ

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते, बी.ए., बी.एड., हे संस्थेच्या माध्यमिक विद्यालयात सहायक शिक्षक आहेत.)



आजच्या मेळाव्यासाठी मला ‘संगणक आणि शिक्षण’ असा विषय देण्यात आला होता. हा विषय इतका मोठा आहे की त्यावर बोलणारा माणूस बहुधा काहीच बोलत नाही. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी त्यातला एक लहानसा तुकडा उचलला आहे. संगणकाने काढलेली, पण हाताने काढल्यासारखी दिसणारी रेखाचित्रे, एवढाच तो तुकडा. आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातल्या फोनवर ही सोय आहे. फोटो काढावा, बटण दाबावे, की घटकाभरात पेन्सिलीने काढल्यासारखे चित्र तयार! मुले ते वहीत चिकटवतात, आणि मुलगा चित्रकार झाला म्हणून आईवडील खूश होतात.

मी चित्रकलेचा शिक्षक नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पण गेली काही वर्षे चित्रकलेचे तास माझ्याकडे आहेत, आणि ज्या विषयाचा तास घ्यायचा तो विषय थोडा तरी वाचावा असे मला वाटते. त्या वाचनातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. निसर्गात रेघ नाही. आपल्या हाताकडे पाहा. हाताभोवती काळी कड कोणी आखलेली नाही. एके ठिकाणी हात संपतो आणि मागची भिंत सुरू होते, इतकेच. तरीही लहान मूल कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवते आणि ‘हा माझा हात’ म्हणते, आणि ते आपल्याला लगेच पटते. जगात नसलेल्या रेघेने आपण जग ओळखतो. ही सोपी बाब नाही. मोठमोठ्या विद्वानांना तिने कोड्यात टाकले आहे.

आता कोणी म्हणेल, कॅमेरा असताना रेघ हवीच कशाला? याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात मिळते. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचे शरीररचनेवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यातली ३६३ चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टराने काढली होती. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटे काढावे लागे, मग कोरणारे कारागीर ते कोरत. हे कार्टर त्याच वर्षी नोकरीवर मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले आणि पुढे ते त्या कॉलेजाचे प्राचार्यही झाले. त्यांच्या चित्रांत शिरेचे वा स्नायूचे नाव त्या त्या अवयवावरच छापलेले असे. उघडलेल्या शरीराचा फोटो काढला तर सगळे सारखेच ओले आणि लाल दिसते. कार्टरनी मात्र विद्यार्थ्याला त्या पानावर जे पाहायचे आहे तेवढेच ठेवले आणि बाकीचे सोडले. म्हणूनच फोटो इतका स्वस्त झाल्यावरही डॉक्टरांच्या, वनस्पतिशास्त्राच्या आणि यंत्रदुरुस्तीच्या पुस्तकांतून रेखाचित्र हद्दपार झाले नाही.

आता यंत्राकडे वळू. संगणकाने काढलेली चित्रे प्रदर्शनात टांगली गेली ती १९६५ साली, प्रथम जर्मनीत श्टुटगार्ट येथे. ती गेओर्ग नेस या गणितज्ञाची होती. संगणकाच्या हुकमाने चालणारे एक मेज असे, त्यावर लेखणी सरकून कागदावर रेघा उमटवी. प्रदर्शनाला आलेले चित्रकार अस्वस्थ झाले. फ्रीडर नाके हे त्या क्षेत्रातले दुसरे आद्य पुरुष. त्यांनी तेव्हाचा एक प्रसंग सांगितला आहे. एका चित्रकाराने नेसना विचारले की माझी स्वतःची जी चित्र काढण्याची रीत आहे, ती तुमच्या यंत्राला कधी साधेल काय? नेस म्हणाले, जरूर साधेल, अट एकच. तुम्ही चित्र कसे काढता ते आधी मला नीट सांगा.

माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास त्या एका अटीत आहे. चित्रकाराला आपण काय करतो ते सांगता येईना, आणि सांगितल्याशिवाय यंत्राला करता येईना. पुढची चाळीस-पन्नास वर्षे हुशार माणसे ते ‘सांगणे’ शोधत राहिली.

मधेच एक मौजेचा प्रयोग सांगतो. अमेरिकेत बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत मायकेल नोल नावाचे संशोधक होते. पीट मोंद्रियान या नामवंत डच चित्रकाराचे १९१७ सालचे एक चित्र आहे, त्यात नुसत्या लहान लहान आडव्या-उभ्या रेघा आहेत. नोल यांनी १९६४ साली संगणकाकडून तशाच धाटणीचे चित्र काढून घेतले आणि दोन्हींच्या प्रती शंभर जणांपुढे ठेवल्या. शंभरांत अवघ्या २८ जणांना यंत्राचे चित्र बरोबर ओळखता आले, आणि ५९ जणांना यंत्राचेच चित्र अधिक आवडले! मोंद्रियानची मांडणी फार शिस्तीची, म्हणून ती लोकांना यंत्राची वाटली. यंत्राची मांडणी विस्कळीत, म्हणून ती माणसाची वाटली. गबाळेपणा म्हणजे प्रतिभा, हा समज आपल्याकडच्या काही विद्यार्थ्यांतही आहे. असो.

पण नुसत्या रेघा वेगळ्या आणि वस्तूचे चित्र वेगळे. संगणकाला खोक्याचे सगळे कोपरे सांगितले तर तो खोक्याच्या सगळ्या कडा काढतो, अगदी मागच्याही. खोके काचेचे असल्यासारखे दिसते. पुढच्या बाजूने झाकल्या जाणाऱ्या रेघा गाळायच्या कशा? अमेरिकेत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ साली आपल्या प्रबंधात आणि आर्थर अ‍ॅपेल यांनी १९६७ साली यावर गणिती रीत दिली. समोर पाहून चित्र काढणारा माणूस मागची कड काढत नाही, कारण ती त्याला दिसतच नाही. यंत्राला ‘न दिसणे’ही शिकवावे लागले!

तरीही ही चित्रे निर्जीव वाटत. का, हे १९९४ सालच्या एका कामाने चांगले दाखवले. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉर्ज विंकेनबाख आणि डेव्हिड सालेसिन यांनी इमारतींची चित्रे टाकाने काढल्यासारखी संगणकाकडून काढून घेण्याचे ठरवले. त्यांनी काय केले पाहा. ते टाक-शाईच्या कामावरील जुन्या पुस्तकांकडे गेले, आर्थर गप्टिल यांच्या पुस्तकाकडे विशेष. हातात टाक धरणारी माणसे एकमेकांना काय शिकवत आली, ते त्यांनी तिथे वाचले आणि त्याचे नियम बनवले.

त्यातला पहिला नियम रेघेचा. फूटपट्टीने ओढलेली रेघ सबंध लांबीभर सारखी असते. हाताची रेघ किंचित हलते, कोठे दाब जास्त तर कोठे कमी, टोकाला निमुळती होते. तेव्हा संगणकाच्या प्रत्येक रेघेला त्यांनी थोडा कंप आणि थोडा दाब दिला.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडची चिऱ्याची भिंत डोळ्यांपुढे आणा. तीत शेकडो चिरे असतील. चित्रात प्रत्येक चिरा काढला तर कागद काळाठिक्कर होतो आणि भिंत दिसेनाशी होते. कसबी माणूस कोपऱ्यापाशी चार चिरे काढतो, खिडकीखाली पाच-सहा काढतो, आणि मधली जागा कोरी सोडतो. पाहणाऱ्याचा डोळा उरलेली भिंत आपणच बांधून घेतो. त्या दोघांनी विटांच्या भिंतीसाठी हेच करवून घेतले. बारकावा कोठे दाखवायचा आणि कोठे विरळ होऊ द्यायचा याची सोय त्यांनी संगणकात केली. तसेच, चित्र लहान छापायचे असेल तर रेघा बारीक करून सगळ्या कोंबायच्या नाहीत, काही रेघा गाळायच्या. कोणत्या आधी गाळायच्या याची उतरंड त्यांनी ठरवून दिली. हे सर्व फार सुरेख जमले.

पण एक प्रश्न उरला, आणि तो मी आपल्याला मुद्दाम सांगतो. मधली जागा कोरी सोडायची, ती नेमकी कोणती? हे यंत्राने ठरवले नाही. चालवणाऱ्या माणसाने पडद्यावर खुणा करून ‘इथे बारकावा ठेव’ असे सांगावे लागले. यंत्राने विटा काढल्या, पण कोणत्या विटांकडे पाहायचे ते माणसानेच ठरवले.

हॅरल्ड कोहेन यांचे उदाहरणही सांगण्याजोगे आहे. हे नावाजलेले ब्रिटिश चित्रकार १९६८ साली कॅलिफोर्नियात गेले आणि पुढे त्यांनी ‘आरॉन’ नावाचा चित्र काढणारा प्रोग्राम लिहिला. २०१६ साली वारले, तोवर जवळजवळ आयुष्यभर ते त्याच्याशीच झगडत होते. आरॉनला डोळे नव्हते. माणसाचे चित्र काढायचे तर शरीराचे भाग कोणते आणि ते कोठे जोडलेले असतात हे कोहेननी त्याला लिहून दिले होते, आणि त्या माहितीभोवती तो रेघ फिरवी. बरीच वर्षे त्या रेघाचित्रांत रंग मात्र कोहेन स्वतः हाताने भरत. नेस यांची अट एका चित्रकाराने स्वतःच पुरी करायला घेतली, आणि त्याला सारी हयात लागली!

मग २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या फॉरेस्टर कोल आणि सहकाऱ्यांनी सरळ मोजमाप केले. २९ चित्रकारांना १२ वस्तू दिल्या. त्यांत हाडे होती, यंत्राचे भाग होते, टेबलावर पसरलेले कापड होते. प्रत्येकाच्या रेघा एकमेकांवर ठेवून पाहिल्या. आढळले असे की शंभरांतल्या ७५ रेघा दुसऱ्या कोणाच्या तरी रेघेपासून एक मिलिमीटरच्या आत पडतात. म्हणजे रेघ कोठे काढावी याबद्दल माणसांचे चांगलेच एकमत आहे, आणि त्यातला मोठा भाग संगणकाला गणिताने सांगता येतो. परंतु शंभरांतल्या १४ रेघा अशा निघाल्या की ज्या तिथे का काढल्या, याचे उत्तर त्यांनी तपासलेल्या कोणत्याच मोजमापात बसेना. या चौदा रेघा मला फार आवडतात.

आता आजच्या फोनकडे येऊ. त्यात दोन जातींच्या सोयी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पहिली जात साधी. फोटो म्हणजे लक्षावधी ठिपके. शेजारच्या दोन ठिपक्यांत उजेडाचा मोठा फरक दिसला की तेथे रेघ मारायची. जॉन कॅनी यांची १९८६ सालची यासाठीची रीत आजही शिकवली जाते. नववीच्या वर्गात आम्ही स्टीलचा जेवणाचा डबा टेबलावर ठेवून हे करून पाहिले. फोनने डब्यावर पडलेल्या खिडकीच्या प्रतिबिंबाला ठळक रेघ मारली, डब्याच्या सावलीला मारली, टेबलक्लॉथच्या फुलांना मारली. आणि ज्या बाजूला डबा व भिंत सारखीच करडी होती तेथे डब्याची कडच काढली नाही. फोनला डबा माहीत नाही, त्याला उजेड-अंधार माहीत आहे. एका मुलीने काढलेला डबा किंचित कलंडला होता, पण त्याची कडी उघडता येईल अशी वाटत होती.

दुसरी जात नवी आणि फार वेगळी. २०२२ सालापासून ही कृत्रिम बुद्धीची साधने सर्वांच्या हाती आली. त्यांनी माणसांनी काढलेली असंख्य चित्रे पचवलेली आहेत. ‘टाकाने काढल्यासारखी चिऱ्याची भिंत’ असे लिहून दिले की ती काढतात, आणि कोरी जागाही बऱ्यापैकी योग्य ठिकाणी सोडतात. म्हणजे नेस यांची अट आता रद्द झाली. तुम्ही कसे काढता हे यंत्र विचारत नाही, तुम्ही काढलेलेच घेऊन जाते. ते न विचारता घेतले गेले अशी चित्रकारांची तक्रार आहे, आणि २०२३ साली अमेरिकेत काही चित्रकार त्यासाठी न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. ज्याच्या वहीतून नक्कल केली त्याचे नावही न घेणाऱ्याला आपण वर्गात काय म्हणतो?

आपल्या समाजाने असा बदल पूर्वी एकदा जवळून पाहिला आहे. उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातांनी लिहिली जात आणि मग छापली जात. नस्तालीक लिपी अशी की अक्षरे एकमेकांच्या खांद्यावरून उतरत येतात. ती खिळ्यांत बसेना. १९८१ च्या सुमारास पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जोडाक्षर-आकृत्या संगणकासाठी तयार केल्या. त्यांतून नूरी नस्तालीक झाली, आणि ‘जंग’ हे वर्तमानपत्र लाहोरात तीत निघू लागले. पुढे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना संगणक आला आणि कातिबांचे रोजचे काम गेले. आज आपण उर्दू पुस्तकात जे सुरेख वळण पाहतो ते एका कसलेल्या हाताचेच आहे. पण बाकीच्या हजारो हातांना त्यातून भाकरी मिळाली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मागच्या पालकसभेत आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला. गावात सगळे त्यांना पेंटरचाचा म्हणतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती त्यांनी रंगवल्या. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ब्रश बंद पडला. हल्ली ते गॅरेजात गाड्यांना फवारा मारतात. ते म्हणाले, “सर, माझा हात चांगला होता, सगळं गाव सांगेल. तो हात मशीननं खाल्ला. आता माझ्या पोराला परत पेन्सिल कशाला देता? त्यापेक्षा गणिताचा एक तास वाढवा.”

मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही, येथेही देणार नाही. पाट्या, लग्नपत्रिका, साध्या पुस्तकांतली चित्रे, नकाशे यांतले पुष्कळ काम यंत्राकडे जाणार आहे. ज्याला या धंद्यात शिरायचे आहे त्याने संगणक शिकूनच शिरावे. मुलाचा हात चांगला आहे एवढ्यावर संसार चालेल, असे कोणत्याही शिक्षकाने पालकांना सांगू नये.

मी त्यांना सांगितले ते वेगळे होते. मी म्हणालो, चाचा, शाळेतला चित्रकलेचा तास चित्रकार करण्यासाठी नाही, आणि तो चित्रासाठीही नाही. भाषेच्या तासाला आपण प्रत्येकाला कवी करायला बसवत नाही, तसेच हे. समोरच्या वस्तूकडे वीस मिनिटे एकटक पाहायला लावणारा सबंध वेळापत्रकात दुसरा तास नाही. तुमचा मुलगा तांब्या काढताना चार वेळा मान वर करतो आणि प्रत्येक वेळी त्याला आधी न दिसलेले काहीतरी दिसते. काय ठेवायचे, काय सोडायचे हे तो ठरवतो. गणिताचे लेखी उदाहरण सोडवतानाही नेमके हेच करावे लागते. चाचांना हे कितपत पटले सांगता येत नाही. ते इतकेच म्हणाले की तांब्याचा गळा काढायला शिकवा, तिथे सगळे चुकतात.

विज्ञानाच्या वहीचे उदाहरण देऊन हे अधिक स्पष्ट करतो. दहावीतल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत हृदयाची आकृती होती. शाईचे काम वाटावे अशी देखणी, छायेच्या रेघा अगदी मोजून मारलेल्या. ती फोनवर तयार करून छापून आणलेली होती. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी तिला विचारले, डाव्या जवनिकेतून रक्त बाहेर कोठून जाते ते बोटाने दाखव. तिने महारोहिणीवर बोट ठेवले, खाली आणू लागली, आणि थांबली. चित्रातली ती नळी जवनिकेपर्यंत पोचतच नव्हती. मागे कोठेतरी विरून गेली होती. यंत्राने हृदयाचे चित्र काढले नव्हते, हृदयाच्या चित्रांसारखे दिसणारे चित्र काढले होते. या मुलीला पुढे परिचारिका व्हायचे आहे. बाईंनी तिला रागे भरले नाही. कोरा कागद दिला आणि पुस्तकात पाहून पुन्हा काढायला सांगितले. तिला तीन दिवस लागले. आकृती ओबडधोबड आली, उजवी कर्णिका फुगली, पण चारही झडपा कोणत्या दिशेने उघडतात ते आता ती झोपेतही सांगेल.

म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या पालकांच्या कानावर घालतो. येत्या जूनपासून विज्ञान आणि भूगोलाच्या वह्यांतल्या आकृत्या वर्गात, शिक्षकांसमोर काढल्या जातील. आकृती वाकडी आहे म्हणून गुण कापले जाणार नाहीत. नावे चुकली किंवा भाग सुटला तर कापले जातील. तेव्हा घरी थोरल्या भावाकडून सुबक आकृती काढून आणण्याचे श्रम वाचतील. संगणक कक्षात महिन्यातून एकदा फोनचे चित्र आणि हाताचे चित्र शेजारी ठेवून मुलांनी फरक लिहायचा आहे. त्यासाठी प्रत्येकाने आपापला फोन आणण्याची आवश्यकता नाही.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्यांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास होईल. स्थिरचित्र आणि स्मरणचित्र मी माझ्या परीने घेईन. अक्षरलेखन माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी पेंटरचाचांना विचारले आहे, आणि गॅरेजातून दोन तास सुटी मिळाली तर यायला ते तयार आहेत. अध्यक्ष महोदय, त्यांना फुकट बोलावू नये, तासाला रीतसर मानधन द्यावे, अशी माझी आपल्याला या व्यासपीठावरूनच विनंती आहे. मुलांनी दोन नंबरचा सपाट ब्रश, काळा पोस्टर रंग आणि जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणावी. कोरे कागद पहिले चार शनिवार लागणार नाहीत, असे चाचांनी बजावून सांगितले आहे.